नको ते वाटतंय? मग आधी वाटू द्या, कसं ते सांगतो

सुरुवात उन्हापासून करतो, कारण ते सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पारा ४३ च्या आसपास असतो, डांबर चपलेला चिकटत असतं, पण म्हणून कोणी उन्हावर चिडून बसत नाही. बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत उरकायची, खिडकीला ओला पडदा लावायचा, ताक प्यायचं, खिशात कांदा टाकायचा, आणि भर दुपारी जायचंच असेल तर डोक्याला पंचा गुंडाळून जायचं. ऊन कुणालाच आवडत नाही, पण ते आहे असं धरूनच आपण दिवस लावतो.

हाच माणूस मनात लाज, भीती, दुःख, मत्सर असलं काही आलं की एकदम वेगळा वागतो. लगेच मोबाईल काढतो, तंबाखू मळतो, घरात कुणावर तरी ओरडतो, आणि कुणी विचारलं काय झालं तर म्हणतो काही नाही, टेन्शन आहे जरा. मी हे सगळं केलंय, तेही एकदोन दिवस नाही, सलग तीन वर्षं, म्हणून आज लिहायला बसलोय.

वडलांनी अक्कलकोट रोडला कारखाना टाकला होता, आठ माग, टॉवेलचे. वडील गेल्यावर मी चालवला, सूत महाग होत गेलं, मालाला उठाव नाही, लाईट बिल थकलं, शेवटी माग भंगारात द्यायचं ठरलं, किलोच्या भावाने. भंगारवाल्याची पोरं घण घेऊन आली. मागाची बाजूची फ्रेम ओतीव लोखंडाची असते, ती वाकत नाही, घण बसला की फुटते, आणि प्रत्येक वेळी असा एक कोरडा आवाज येतो. मी बाहेर उभा राहून सगळ्यांना चहा सांगत होतो. संध्याकाळी घरी आलो, नेहमीसारखा जेवलो, कुणाशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून तो रस्ताच सोडला. पुढं एका युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटला सुपरवायझर म्हणून लागलो तर तिथं जायला सरळ रस्ता कारखान्यावरूनच होता, मी तीन किलोमीटरचा वळसा घालून जायचो, रोज.

मग छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, छातीत दुखतंय, दम लागतोय, हाताला मुंग्या येतायत तर आधी डॉक्टरला दाखवा, "भावना असेल" म्हणून घरी बसू नका. मी दाखवलं, ईसीजी काढला, बाकीच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं कशाचं दुःख आहे का, मी म्हटलं नाही हो, टेन्शन आहे. त्यांनी एका काऊन्सेलर मॅडमकडे पाठवलं. पुढचं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे आणि उरलेलं करून करून कळलेलं.

सगळ्यात आधी एक घोळ मिटवू या. स्वीकार म्हटलं की लोकांना वाटतं सोडून द्या, सहन करा, नशीब म्हणा. तसं अजिबात नाही. स्वीकारायची ती भावना, परिस्थिती नव्हे. मालकाने दोन महिन्यांचा पगार थकवला तर राग आलाय हे मान्य करायचं, पगार सोडून द्यायचा नाही, उलट राग मान्य केला की डोकं जागेवर राहतं आणि पगार नीट मागता येतो. घरात कोणी मारहाण करत असेल तर तिथं स्वीकार नाही, तिथून बाहेर पडायचं, मदत घ्यायची. हे मी ठळक सांगतोय कारण आपल्याकडे बायकांना "स्वीकार" हा शब्द आधीच फार ऐकवून झालाय.

दुसरं, दाबून का ठेवता येत नाही? डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक प्रयोग छापला होता. लोकांना सांगितलं पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढची पाच मिनिटं त्याच लोकांना म्हटलं आता अस्वलाचा विचार खुशाल करा, तर ज्यांनी आधी दाबला होता त्यांच्या मनात तो, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त आला. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला माझा वळसाच आठवला. कारखाना दिसू नये म्हणून रोज तीन किलोमीटर फिरत होतो आणि ते तीनही किलोमीटर डोक्यात कारखानाच असायचा.

आता प्रत्यक्ष करायचं काय.

पहिलं काम, टेन्शन हा शब्द बाजूला ठेवा. मॅडम म्हणाल्या, "टेन्शन सोडून दुसरा शब्द सांगा." मी दोनतीन मिनिटं गप्प बसलो, खरंच शब्द येईना. आपल्या मराठीत किती शब्द आहेत बघा. करायचं राहून गेलं ते टोचत राहतं ती रुखरुख. माणूस लांब गेलंय, काहीतरी हातातून सुटतंय, ती हुरहूर. पुढं काहीतरी वाईट होणार असं सारखं वाटतं ती धास्ती. इकडं जाऊ का तिकडं ती घालमेल. झालं ते झालं पण मनाला लागून राहिलं ती खंत. बोलायचंय पण तोंड उघडता येत नाही ती कुचंबणा. चारचौघात बसलोय आणि आपण इथं नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं ते कानकोंडं होणं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही तो मत्सर, आणि हो, तोही येतो, चांगल्या माणसांनाही येतो, तो आला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. एवढं सगळं भांडार सोडून आपण सगळ्याला टेन्शन म्हणतो आणि मग नेमकं काय होतंय ते आपल्यालाच कळत नाही.

भावनेला नाव देण्याचा उपयोग होतो हे नुसतं म्हणायला नाही. मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमने २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन करून दाखवलं होतं की रागावलेले, घाबरलेले चेहरे बघताना लोकांनी त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या भागाची, म्हणजे धोका दिसला की खडबडून उठणाऱ्या भागाची, हालचाल कमी होते. माझ्या बाबतीत तिसऱ्या मिनिटाला तोंडातून आलं, लाज. मॅडमनी विचारलं, कुणासमोर? मी म्हटलं, वडलांसमोर. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. एवढं बोललो आणि खुर्चीत बसून रडलो, आणि छातीत जे आवळत होतं ते तिथंच कुठंतरी होतं हे तेव्हा कळलं.

दुसरं काम, ती भावना अंगात कुठं आहे ते शोधायचं. हे लोकांना विचित्र वाटतं पण सगळी मेख इथंच आहे. लाज आली की माझे कान तापतात आणि पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. धास्ती असली की घसा सुकतो. राग असला की दात आवळले जातात, तेही मला बायकोने सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे डोक्यात "असं का झालं, मी तेव्हा असं केलं असतं तर" ही टेप चालू असते ती चालू द्या, तिच्याशी वाद घालू नका, फक्त लक्ष खाली अंगाकडे आणा. कुठं आहे, केवढं आहे, गरम आहे का जड आहे, हलतंय का एकाच जागी आहे. एखादं लेकरू पडून आलं तर आई जसं बघते ना, दाखव बघू कुठं लागलंय, तसं. ती आधी ओरडत नाही, औषधही लगेच लावत नाही, आधी बघते.

तिसरं, थांबायचं. दहा मिनिटं पुरेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पाय जमिनीला टेकवून बसा, डोळे मिटलेच पाहिजेत असं काही नाही. श्वास आत जेवढा घेतला त्याच्यापेक्षा हळू आणि लांब सोडायचा, श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके जरा शांत होतात, अंगाला कळतं की लगेच पळायचं नाहीये. भावना वाढेल, वाढू द्या. पहिल्या दोन मिनिटांत इतकी वाढते की वाटतं आता हे कधीच जाणार नाही आणि उठून काहीतरी करावं, नेमकं तेव्हाच बसून राहायचं. मग थोडी ओसरते, परत चढते, परत ओसरते. कधी दहा मिनिटांनी तेवढीच असते, तेही चालतं, तुमचं काम बसण्याचं होतं, ते झालं.

घरात गर्दी असते, दोन खोल्यांत सहा माणसं, तिथं शांत बसायचं कुठं हा प्रश्न खरा आहे. मी गाडीवरच करतो, युनिटच्या बाहेर गाडी स्टँडला लावून त्यावरच बसतो. रविवारी पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाला जातो. माझी बहीण भाकरी थापताना करते, तिचं म्हणणं हाताला काम असलं की तिला बसवतं, आणि ते बरोबरच आहे, ज्याला जसं जमेल तसं.

एक अगदी मनापासून सांगतो, सुरुवात मोठ्या दुःखाने करू नका. ज्याने कधी पोहायचं शिकलं नाही त्याने पहिल्याच दिवशी खोल विहिरीत उडी मारायची नसते. बारीकसारीक गोष्टीवर सराव करा, आणि सोलापुरात सरावाला कमी नाही. पाणी यायचा दिवस असतो, आपण पहाटेपासून घागरी, बादल्या, ड्रम लावून ठेवतो आणि पाणी येतच नाही. तेव्हा जी चीड येते ना, ती सरावाला एकदम योग्य आहे. नळापाशी उभं राहून दोन मिनिटं बघायचं, चीड आलीय, कपाळात आहे, जबड्यात आहे, आता वाटतंय की पोराला उगाच उठवून ओरडावं. बघितलं, श्वास सोडला, मग टँकरला फोन लावायचा तर लावायचा. असं महिनाभर छोट्या गोष्टींवर केलं की मोठी आली तेव्हा अंगाला सवय असते.

वरच्या उदाहरणात "पोराला ओरडावं" असं जे वाटलं, ते नीट बघून ठेवा. प्रत्येक भावना काहीतरी करायला सांगत येते. राग म्हणतो आत्ताच मेसेज टाक. लाज म्हणते घरात बस, लग्नाला जाऊ नको. धास्ती म्हणते परत एकदा फोन करून विचार पोहोचलास का. भावनेला बसायला जागा द्यायची पण तिचं ऐकायचं का ते नंतर ठरवायचं. भावाला रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर लिहिलेला लांबलचक मेसेज, तो लिहा, हवा तर वहीत लिहा, पण पाठवायचा सकाळी चहा झाल्यावर. मी असे निदान पाचसहा मेसेज सकाळी वाचून पुसलेत, आणि एक मात्र जसाच्या तसा पाठवला, कारण तो सकाळीही बरोबरच वाटला.

आता लोक चुकतात कुठं ते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वीकाराचा सौदा करणं. "बरं बाबा स्वीकारलं, आता जा." मी पहिले दोन महिने हेच केलं, बसायचो आणि दर मिनिटाला तपासायचो, गेली का? गेली का? आणि गेली नाही की चिडायचो. म्हणजे ते दाबणंच झालं की, फक्त डोळे मिटून. मॅडमनी एकदा सरळ विचारलं, "ही लाज आयुष्यभर अधूनमधून येणारच असेल तर तुम्ही काय कराल?" मला तो प्रश्न अजिबात आवडला नाही, घरी येईपर्यंत डोक्यात घुमत होता. पण त्यानंतरच काहीतरी सैल झालं.

दुसरी चूक, दुःखाचंच दुःख करणं. एवढ्याशा गोष्टीचं मला अजून वाईट का वाटतंय, लोकांचं तर माणूस जातं, आपले फक्त माग गेले. बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिलाय तो हाच, पहिला बाण लागतो तो लागतोच, पण अडाणी माणसाला त्यावर मनाचा दुसरा बाणही लागतो. ज्याचं त्याचं दुःख ज्याला त्याला तेवढंच असतं, मोजायला जाऊ नका.

तिसरी, दुसऱ्याला उपदेश करणं. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दोन विषयात राहिला, मी शिकलेलं सगळं त्याच्यावर ओतायला लागलो, बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नुसतं त्याच्याजवळ बसा की." तेव्हा गप्प बसलो. तो पंधरा मिनिटांनी स्वतःहून बोलला, म्हणाला, "बाबा, तुम्ही फी भरलीय याचंच वाईट वाटतंय." मी फक्त म्हटलं, हं, वाटणारच. त्याला सल्ला हवा होता तो त्याने दुसऱ्या दिवशी मागितला.

आणि आता सगळ्यात कामाचं. भावना गेल्यावर जगायला सुरुवात करू असं ठरवलं तर वाट बघत बसाल. ती सोबत घेऊन काम करायचं असतं. याला अॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी म्हणतात, स्टीव्हन हेज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ती उभी करायला सुरुवात केली, त्याला स्वतःला पॅनिक अटॅक यायचे, म्हणजे माणूस स्वतः त्यातून गेलेला. त्यातली एक साधी युक्ती मी रोज वापरतो, "पण" काढून "आणि" घालायचं. "मला जायचंय पण लाज वाटतीय" असं म्हटलं की पाय तिथंच थांबतात. "मला जायचंय आणि लाज वाटतीय" म्हणून बघा, दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच वेळी राहू शकतं.

मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर गेलो होतो, आधीची तीन वर्षं गेलोच नव्हतो कारण तिथं सगळं गाव भेटतं. लाज वाटत होती आणि गेलो. पाळण्यांच्या रांगेत एक जुना मित्र भेटला, आम्ही एकाच बाजारात सूत घ्यायचो, लांबूनच ओरडला, "काय बे, काय करालास सध्या? माग काय म्हणतात?" कान तापले, पोटात तो खड्डा. मी श्वास सोडला आणि म्हटलं माग विकले, आता एका युनिटला सुपरवायझर आहे. एवढंच वाक्य, तीन वर्षं तोंडातून येत नव्हतं. तो हं म्हणाला आणि पोरीला पाळण्यात बसवायला लागला. त्याच्या मनात काय आलं मला माहीत नाही, माझे कान पुढचा अर्धा तास गरमच होते, आणि आम्ही भाग्यश्रीसाठी, म्हणजे भाचीसाठी, बांगड्या घेतल्या, शेंगदाणे खाल्ले, यात्रेत मिरवणाऱ्या नंदीध्वजांच्या गोष्टी सांगत चालत घरी आलो.

हे सगळं घरच्या घरी करण्यासारखं आहे पण प्रत्येक वेळी नाही. दोन आठवडे किंवा जास्त रोजच मन उदास आहे, झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, तर डॉक्टरकडे जा. जुना मोठा आघात असेल, अपघात, अत्याचार, आणि डोळे मिटून बसलं की तेच समोर उभं राहत असेल तर एकट्याने बसूच नका, जाणकार माणसासोबत करा. आणि जगणं नको असं मनात येत असेल तर त्या विचारासोबत एकटं बसायचं नाही, लगेच कुणाला तरी सांगायचं, आणि टेली मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६ नंबर, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. गोळी लागली तर गोळी घ्या, शुगर-बीपीची घेतोच की आपण.

वळशाचं सांगायचं राहिलं. वडलांच्या हातातला एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो, मी भंगारात दिला नव्हता, कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला होता, तो मागच्या महिन्यात काढला. लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं, टोकाला लोखंड. रात्री तो मांडीवर घेऊन बसलो, बायको शेजारी बसली होती, काही बोलली नाही. सकाळी सरळ रस्त्याने निघालो. कारखान्याच्या शटरला आता दुसराच रंग आहे, आत कुणाचं तरी गोडाऊन आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या. गाडी बंद केली. घणाचा तो कोरडा आवाज ऐकू आला, छाती भरून आली, डोळे वाहायला लागले, समोरच्या टपरीवाल्याने बघितलं, बघू दिलं. पाचसात मिनिटांनी किक मारली. युनिटला पोहोचलो तेव्हा दहा मिनिटं उशीर झाला होता आणि कटिंगवाले माझी वाट बघत होते.